‘गुणाची’ म्हटलं की कुंदाताई थांबायच्या

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बल्लारपूरला भाचीकडे होते. तिच्या नव्या मिक्सरचं झाकण बसत नव्हतं आणि आम्ही दोघी त्याच्याशी झटत होतो. फोन देविदासभाऊंचा, म्हणजे कुंदाताईंच्या नवऱ्याचा. “डॉक्टरबाई, कुंदा गेली,” एवढंच म्हणाले. मग थोडं थांबून, “तुम्ही जेवून निघा. तिनंच सांगून ठेवलं होतं, डॉक्टरबाईले उपाशी नका बोलावू, चिडचिड करतेत त्या.” कुंदाताईंची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. रिपोर्ट मीच वाचून दाखवत होते, त्यामुळे धक्का बसला असं म्हणणार नाही. मी खरोखर जेवले, भाचीला मिक्सर दुकानात परत करायला सांगितलं आणि सावली गावची गाडी धरली. रडू आलं ते बऱ्याच दिवसांनी आणि भलत्याच ठिकाणी. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही.

सावलीच्या सरकारी दवाखान्यात माझी बरीच नोकरी झाली. कुंदाताई मुलांच्या संरक्षणाचं काम करणाऱ्या एका संस्थेत होत्या. कुठलं लेकरू मार खातंय, कुणाचं लग्न चौदाव्या वर्षी लावून देतायत, कुणाला आईबापांनी नातेवाइकांकडे टाकलंय, हे बघत गावोगाव फिरायच्या. शिकलेल्या होत्या, पक्क्या भांडखोर होत्या आणि आपण शिकलेल्या आहोत हे समोरच्याला विसरू देत नसत. अत्तर जरा जास्तच लावायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मला माझ्या खुर्चीतून उठवलं होतं. तपासायला आणलेलं पोरगं दाराकडे पाठ करून स्टुलावर बसलं होतं, ते यांना चालेना. “लेकराले दरवाजा दिसला पायजे मॅडम, तुम्ही इकडं बसा.” मी बसले. राग आला होता, पण पोरगं बोलायला लागलं, त्यामुळे रागाला काही जागा उरली नाही. पुढे ‘मॅडम’चं ‘डॉक्टरबाई’ झालं आणि आम्ही मैत्रिणी झालो. वयानं त्या मोठ्या, म्हणून मी शेवटपर्यंत ‘ताई’च म्हणत राहिले.

त्या गेल्यापासून लोक जे बोलतायत ते ऐकून मला जरा गंमत वाटते. म्हणे, त्यांना नुसत्या नजरेनं कळायचं. असं काही नव्हतं. त्या पुष्कळदा चुकायच्या. एकदा एका पोराच्या मागे लागल्या होत्या. हाक मारली तरी बघत नाही, कोपऱ्यात बसतो, घरी नक्की काहीतरी होतंय म्हणाल्या. बापाला चांगलं फैलावर घेतलं आणि मग पोराला माझ्याकडे आणलं. दोन्ही कान मळानं गच्च भरलेले होते. मी कान साफ केले, पोरगं हसलं आणि प्रकरण तिथेच संपलं. त्या बापाकडे जाऊन त्यांनी माफी मागितली, वर त्याच्याकडचा चहा पिऊन आल्या. मी पुढे कितीतरी वर्षं त्यावरून चिडवलं. त्यांचं म्हणणं ठरलेलं असायचं. “तुमच्याकडं येते ते होऊन गेलेलं असते डॉक्टरबाई. मले आता होऊन राह्यलं ते पायजे. मंग धा वेळा चुकलं तं चुकलं.” खरंच होतं ते. माझ्यासमोर यायची ती जखम. त्यांचं काम जखमेच्या आधीचं, जेव्हा दाखवण्यासारखं काहीच नसतं आणि ज्याला त्याला वाटतं की ही बाई उगाच लोकांच्या घरात नाक खुपसतेय.

आमच्या भागात लेकराचं कौतुक करायचं तर ‘गुणाचं’ म्हणतात. गुणाची पोट्टी, लय गुणाचा पोट्टा. याचा अर्थ आवाज नाही, हट्ट नाही, सांगितलं ते ऐकतं, दिलं ते खातं. हा शब्द कुणी काढला की कुंदाताई जिथे असतील तिथे थांबायच्या. “कवापासून?” एवढंच विचारायच्या. लोकांना वाटायचं, बाई कौतुक ऐकतेय. “जन्मापासून गुणाची असंल तं राहू द्या,” त्या मला म्हणायच्या, “पण जे पोट्टं मागच्या दिवाळीले झाडावर चढत होतं ते आता गुणाचं झालं, तं काऊन झालं? कोणी केलं?” दुसरी एक पद्धत होती. ‘घरी सगळं ठीक आहे ना’ असं त्या कधीच विचारत नसत, कारण त्याचं उत्तर ‘ठीक आहे’ असंच येतं. त्या विचारायच्या, काय बंद झालं? पोरगी गात होती, बंद झाली का? कुत्र्याच्या मागे पळत होती, बंद झालं का? उत्तरं देणाऱ्याला आपण काही महत्त्वाचं सांगतोय असं वाटायचं नाही, म्हणून खरी यायची.

आता सोनीबद्दल लिहिते. हे तिचं खरं नाव नाही, पण तिला विचारून लिहितेय. वैनगंगेच्या काठचं धानाचं गाव. धान निघालं की तिथली निम्मी घरं तेलंगणात मिरची तोडायला जातात. ‘मिरचीले गेले’ म्हटलं की विषय संपला, उन्हाळा लागल्याशिवाय ती माणसं परतत नाहीत. काही जण लेकरं सोबत नेतात, काही नातेवाइकांकडे ठेवतात. सोनी दुसरीत होती. शाळा बुडू नये म्हणून आईबापांनी तिला त्याच गावात मामा-मामीकडे ठेवलं. विचार चांगला होता. कुंदाताई त्या गावच्या शाळेत बालविवाहावर बोलायला गेल्या होत्या. गुरुजींनी सहज म्हणून सोनीकडे बोट दाखवलं. आधी वर्ग डोक्यावर घेत होती, आता हू नाही की चू नाही, शाळा सुटली तरी थांबून वर्ग झाडून जाते, लय गुणाची झाली. कुंदाताईंचं भाषण त्या दिवशी म्हणे अर्ध्यावरच राहिलं.

शाळा सुटल्यावर त्या सोनीसोबत चालत निघाल्या. पोरगी घरी गेलीच नाही. सडकेला, किराणा दुकानासमोर एक विजेचा खांब आहे, त्याच्या खाली जाऊन बसली. कुंदाताईही शेजारी बसल्या, भारी साडी धुळीत घालून. हे सगळं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सांगितलं, तसंच्या तसं.

“रोज इथीच बसते का?”

“हो.”

“काऊन वं?”

“इथून दिसते.”

“काय दिसते?”

“मी दिसते.”

सांगताना कुंदाताई माझ्या टेबलावरचा काचेचा गोळा हातात फिरवत होत्या. एखादं सात वर्षांचं लेकरू आपण लोकांना दिसत राहावं म्हणून सडकेवर जाऊन बसतं, याचा अर्थ समजायला डॉक्टर असावं लागत नाही. घरात कुणाच्या तरी हाती एकटं सापडायचं नाही, एवढं त्या पोरीनं आपल्या अकलेनं ठरवलं होतं.

पोरीला त्यांनी माझ्याकडून तपासून घेतलं. अशक्त होती, रक्त कमी होतं, पण अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. तसं मी लिहून दिलं. कुंदाताईंना उलट बरं वाटलं. “म्हणजे टाइमावर पोचली मी,” म्हणाल्या. मग प्रश्न आला, भीती कुणाची? त्याचं उत्तर गावाला आधीच माहीत होतं. मामा पीत होता. रोज संध्याकाळी मोटरसायकल वेडीवाकडी चालवत यायचा. मामीचं घर सारवलेलं, भांडी चकचकीत, ती स्वतः हसतमुख. कुंदाताईंना बघून पहिल्यांदा तिनेच पदर डोळ्याला लावला. “काय सांगू ताई, असा हाय हा माणूस. मी पोट्टीले त्याच्यासमोर येऊच नाई देत.” सोनीला विचारलं तर ती गप्प. मामाबद्दल विचारलं तरी गप्प, मामीबद्दल विचारलं तरी गप्प.

कुंदाताईंना पोरीला संस्थेच्या वसतिगृहात हलवायचं नव्हतं. आईबाप दूर, शाळा सुटणार, गाव सुटणार, म्हणजे काही न करता शिक्षा तिलाच. जायचं असेल तर ज्याच्यापासून धोका आहे त्यानं जावं, असं त्यांचं मत, आणि ते मत मला आजही पटतं. त्यांनी बालकल्याण समितीपुढे तेच मांडलं. पोलिसांनी मामाला बोलावून दम दिला. आईबाप परत येईपर्यंत त्यानं त्या घरात राहायचं नाही असं ठरलं. तो खाली मान घालून ‘हो’ म्हणाला आणि अहेरीकडे बांबूकटाईच्या कामाला निघून गेला. एक शब्द उलट बोलला नाही. कुंदाताईंनी त्याचाही अर्थ लावला, म्हणाल्या, मनात पाप असलं का माणूस असाच गप राहते.

काही दिवसांनी त्या गावात आमचं आरोग्य शिबिर होतं. कुंदाताई माझ्याच जीपमध्ये बसून आल्या. खुशीत होत्या. खबर मिळाली होती की सोनी आता खांबाखाली बसत नाही, शाळा सुटली की सरळ घरी जाते. “बसाची गरज नाई राह्यली आता तिले,” म्हणाल्या. दोन दिवसांपासून ती शाळेतही आली नव्हती, पण ताप आहे असा मामीनं निरोप पाठवला होता आणि गावात तापाची साथ होतीच. त्यासाठीच आम्ही आलो होतो. शिबिर आटोपल्यावर बिस्किटं घ्यायला आम्ही त्या किराणा दुकानात गेलो. दुकान सुमनबाईंचं. त्या पुडे काढता काढता बोलत होत्या.

“बरं केलं ताई तुम्ही. आता शांती झाली. तो आला का ही पोट्टी धावत जाऊन गाडीवर चढे आणि हॉर्न वाजवत राहे. पों-पों, पों-पों, घर येईतो. डोकं उठवे माझं. आता लय गुणाची झाली, घराबाहेर पाय नाई टाकत.”

कुंदाताईंनी पैसे पुढे केले होते, तो हात तसाच राहिला. “कोण आला का चढे?”

“तिचा मामा. कोण मंग? त्याचीच तं वाट पाहत बसे ना ती खांबाखाली.”

कुंदाताईंचा चेहरा मी त्या एका क्षणी जसा पाहिला तसा पुढे कधी पाहिला नाही, आजारपणातही नाही. पोरगी मामापासून लपायला सडकेवर येत नव्हती. मामा आला की त्याला आपण दिसावं आणि त्याच्याच सोबत घरात शिरता यावं, म्हणून बसत होती. तो घरात असला की तिला कुणी हात लावत नसे. पिलेला असो, नसो, तो तिचा होता. आणि त्याला आम्ही जंगलात पाठवून दिलं होतं.

बिस्किटं तिथेच राहिली. कुंदाताई चालत नव्हत्या, पळत होत्या. दाराशी मामी उभी, तशीच हसतमुख. “झोपली हाय ताई, ताप हाय थोडासा.” कुंदाताई म्हणाल्या, “डॉक्टर सोबतच हाय माझ्या,” आणि तिला बाजूला सारून आत शिरल्या. सोनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. डाव्या हाताला हळदीनं पिवळं झालेलं फडकं बांधलं होतं. ते मी सोडलं. तळवा भाजलेला, जखम दोन-तीन दिवसांची, पिकलेली. ताप खूप होता आणि पोरगी हाकेला नीट ओ देत नव्हती. विषार रक्तात चढायला लागला होता. डब्यातला गूळ घेतला म्हणून मामीनं तिचा हात चुलीतल्या जळत्या लाकडावर धरला होता, असं नंतर कळलं. मी हातावर स्वच्छ पट्टी बांधली आणि तिला उचललं. जीपमध्ये पोरगी कुंदाताईंच्या मांडीवर होती.  त्यांनी मला एकदाच विचारलं, “वाचंल ना?” मी खरं ते सांगितलं, की आत्ताच सांगता येत नाही.

सोनी वाचली. मोठ्या दवाखान्यात बरेच दिवस काढले, पण वाचली. मामीवर गुन्हा दाखल झाला, तिची स्वतःची लेकरं त्यांच्या आजीकडे गेली. त्या बाईबद्दल अधिक लिहावं इतकं मला ती कधी कळली नाही. मामा निरोप मिळताच अहेरीहून आला आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहिला, आत जायची परवानगी आहे की नाही हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कुंदाताई त्याच्याकडे गेल्या. मी मागे उभी होते.

“भाऊ, चुकलं माझं. तुम्हाले काढाले नोतं पायजे.”

तो आपल्या हातांकडे बघत होता. मग म्हणाला, “मी पेतो ना बाई. मले वाटलं, तुम्ही शिकलेल्या, बराबरच म्हणत असान. माझ्यानंच काई होत असंल नशेत... म्हणून गेलो मी.”

कुंदाताई त्याच्या शेजारी बाकावर बसल्या. 

एवढी मोठी चूक झाली की माणूस एक तर काम सोडतो, नाहीतर ती झाकतो. कुंदाताईंनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. संस्थेत नवीन मुली आल्या की पहिल्या दिवशी त्यांना हीच गोष्ट सांगायच्या, आपलं नाव घालून. “लेकराच्या वागण्यावरून लेकराले धोका हाय एवढंच समजते. कोणापासून, ते नाई समजत. ती जागा आपण आपल्या मनानं भरतो, दारू दिसली का तिथी दारूवाल्याले बसवतो.” सांगताना आवाज अगदी कोरडा असायचा. ऐकणाऱ्या मुली रडायच्या आणि या त्यांना रागवायच्या. त्यानंतर त्यांनी लेकरांना विचारायचे प्रश्नही बदलले. तुला कुणाची भीती वाटते, हे मागे गेलं. तू कुणाची वाट पाहते, हे आधी आलं. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. त्यांच्या हयातीत तसं म्हणाले असते तर त्यांनी आणखी भाव खाल्ला असता, म्हणून म्हणाले नाही. आता ते राहून गेलं याचं वाईट वाटतं.

सोनीचा हात भरून आला, पण भाजलेली कातडी भरताना आखडते. बोटं तळव्याकडे ओढली जातात, मग ती उघडत नाहीत. रोज खोबरेल लावून एकेक बोट ताणावं लागतं, आणि ते दुखतं. आईबाप परत आले होते, पण रडणाऱ्या लेकराचं बोट ओढायला आईचा हात धजेना. मी कुंदाताईंना ते कसं करायचं हे दाखवलं, म्हटलं एखाद्या अंगणवाडी सेविकेला शिकवा. त्यांनी कुणालाही शिकवलं नाही. काम संपलं की स्कुटी घेऊन स्वतः त्या गावाला जायच्या. करंगळीपासून सुरुवात, अंगठ्यापर्यंत, मग परत. पुढच्या वर्षी मिरचीला बाप एकटाच गेला, आई घरी राहिली. कुंदाताईंचं जाणं चालूच होतं. हात कधीच बरा झाला होता, करंगळी जराशी वाकडी राहिली तेवढीच. मला ठाऊक होतं की आता व्यायामाची गरज नाही. त्यांनाही मी सांगितलं होतं. “बरं,” म्हणाल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या होत्या.

कुंदाताईंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सोनी आली होती, मामाला घेऊन. आता ती चंद्रपूरला एका कापडाच्या दुकानात कामाला आहे, गिऱ्हाइकांशी बडबड करण्यात पटाईत आहे असं मामा सांगत होता. पिणं सुटलेलं नाही, हेही त्यानेच सांगितलं. बुद्धवंदना झाली, लोक बोलले, जेवणं झाली. मंडपवाल्यानं खुर्च्या एकात एक घालायला घेतल्या. देविदासभाऊ आत जाऊन पडले. संध्याकाळ होत आली तशी सोनी एकटीच मागच्या पायरीवर जाऊन बसली. मी गेले तर ती उजव्या हातानं डाव्या हाताची बोटं ताणत होती, अगदी त्याच रीतीनं.

मी शेजारी बसले. डॉक्टरकीची सवय, हात बघितला. म्हटलं, “याची आता काही गरज नाही गं. कितीतरी वर्षांपूर्वीच संपली.”

“मालूम हाय,” ती म्हणाली. “ताईलेबी मालूम होतं. मी इचारलं होतं त्यायले, हात तं बरा झाला, आता काऊन येता? तं म्हणाल्या, तू कोणाची तरी वाट पाहून राह्यली होती, ते मले एकदा समजलं नाई. आता मालूम हाय का तू माझी वाट पाहते, तं कशी नाई येऊ?”

 आत मंडपवाला कुणाला तरी सतरंज्या घडी करायला सांगत होता. सोनी पुन्हा करंगळीपासून सुरू झाली.